ताम्रपट्टावरील वेरूळ : टॉमस डॅनियल, गंगाराम तांबट आणि कर्तृत्वाचा प्रश्न

१

इ. स. १८०३ मध्ये लंडन येथे वेरूळच्या लेण्यांची चोवीस दृश्ये असलेला एक चित्रसंच प्रसिद्ध झाला. त्याच्या मुखपृष्ठावर दोन नावे आहेत. रेखाटने जेम्स वेल्स याची आणि ताम्रपट्टावरील उत्कीर्णन टॉमस डॅनियल याचे, अथवा त्याच्या देखरेखीखाली झालेले, असा तेथील निर्देश आहे. वेल्स वेरूळला गेला होता, परंतु संच निघाला तेव्हा त्याच्या मृत्यूला आठ वर्षे होत आली होती. डॅनियल हयात होता, पण त्याने वेरूळ कधी पाहिलेच नव्हते. युरोपातील वाचकाला वेरूळचे जे पहिले विस्तृत आणि विश्वसनीय मानले गेलेले दर्शन घडले, ते अशा रीतीने एका न पाहिलेल्या माणसाच्या हातून घडले.

ही केवळ चरित्रात्मक विसंगती मानून पुढे जाता येईल. प्रस्तुत लेखात मात्र तिला मध्यवर्ती मानावयाचे आहे. कारण दुसऱ्याने पाहिलेले आपल्या माध्यमात पुन्हा घडविणे हे उत्कीर्णकाचे नित्यकर्म होय. त्याचे कार्य मूळ निर्मितीपेक्षा भाषांतराला अधिक जवळचे आहे, आणि भाषांतरित संहितेसंबंधी आपण जे प्रश्न विचारतो ते त्याच्याही कृतीला विचारता येतात. मूळ पाठ कोणता? मधले दुवे किती? कोणाचे नाव राहिले, कोणाचे गळाले? आणि गळालेल्या नावाचा शोध घेतल्याने कृतीच्या वाचनात नेमका कोणता फरक पडतो? गळालेले एक नाव मराठी आहे : गंगाराम चिंतामण नवगिरे तांबट.

२

टॉमस डॅनियल याचा जन्म १७४९ साली लंडननजीकच्या किंग्स्टन येथे झाला. वडील खानावळ चालवीत. उमेदीची पहिली वर्षे श्रीमंतांच्या घोडागाड्या रंगविण्याच्या व्यवसायात गेली, आणि त्यानंतर १७७३ मध्ये त्याला रॉयल अकादमीच्या शाळेत प्रवेश मिळाला. निसर्गचित्रकार म्हणून लंडनमध्ये जम बसेना. १७८४ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने त्याला हिंदुस्थानात जाण्याची परवानगी दिली ती उत्कीर्णक म्हणून. पुतण्या विल्यम यास मदतनीस म्हणून सोबत घेऊन तो चीनमार्गे १७८६ च्या प्रारंभी कलकत्त्यास पोहोचला.

कलकत्त्यात त्याने शहराची बारा दृश्ये स्वतः कोरून छापली. १७८८ च्या नोव्हेंबरात ओझायस हम्फ्री या चित्रकार मित्राला लिहिलेल्या पत्रात त्याने या कामाचे कष्ट सांगितले आहेत. चित्रकार, उत्कीर्णक, तांबट, मुद्रक आणि मुद्रकाचा पोऱ्या या साऱ्या भूमिका आपल्यालाच कराव्या लागल्या, अशी त्याची तक्रार आहे. त्या नगरीत देशी कारागिरांचे साह्य त्याला लाभले होते, हे लक्षात घेतले म्हणजे या एकवचनी 'मी'कडे थोडे सावधपणे पाहावे लागते. तरीही 'तांबट' हा शब्द येथे ध्यानात ठेवण्यासारखा आहे.

पुढे उत्तर हिंदुस्थान, दक्षिण आणि शेवटी १७९३ मध्ये मुंबई असा प्रवास करून काका-पुतणे १७९४ मध्ये इंग्लंडला परतले. १७९५ ते १८०८ या काळात सहा भागांत, एकूण १४४ चित्रांचा 'ओरिएंटल सीनरी' हा त्यांचा महासंच पूर्ण झाला. वेरूळची चोवीस दृश्ये याच मालिकेचा एक भाग मानली जातात. १७९९ मध्ये टॉमस रॉयल अकादमीचा सभासद झाला आणि १८४० मध्ये वयाच्या एक्याण्णवाव्या वर्षी निवर्तला.

या चित्रांसाठी त्यांनी मुख्यतः ॲक्वाटिंट ही पद्धती वापरली. तिची प्रक्रिया समजून घेतल्याखेरीज पुढील विवेचन निराधार ठरेल. गुळगुळीत केलेल्या तांब्याच्या पत्र्यावर राळेची बारीक पूड पसरून पत्रा तापवतात, म्हणजे तिचे कण पृष्ठभागाला चिकटून बसतात. पत्रा आम्लात बुडविला की कणांच्या मधली जागा आम्ल खाते आणि तेथे शाई धरणारी सूक्ष्म जाळी तयार होते. चित्रात जे पांढरे राहावयाचे ते आधीच वार्निशाने झाकलेले असते. थोड्या वेळाने पत्रा बाहेर काढून फिक्या छटा झाकावयाच्या आणि तो पुन्हा बुडवावयाचा. जो भाग आम्लात सर्वाधिक काळ राहील तो सर्वाधिक काळा. म्हणजे या माध्यमात अंधार हे काळाचे माप असते आणि उजेड म्हणजे जपून ठेवलेले तांबे. शिवाय छाप उलटा उमटत असल्याने उत्कीर्णकाला दृश्याची डावी-उजवी बाजू फिरवूनच काम करावे लागते. अखेरीस छापील प्रतीवर हाताने जलरंग चढवितात.

३

आता पुण्याकडे वळू. सर चार्ल्स वॉर मॅलेट हा १७८६ पासून पेशव्यांच्या दरबारी कंपनीचा रेसिडेंट होता. टिपूविरुद्धच्या १७९० च्या तहाच्या वाटाघाटी त्याने केल्या, आणि राजकारणासोबत पुराणवस्तूंचा नादही जोपासला. त्याच्या आश्रयाला जे देशी चित्रकार आले त्यांत गंगाराम तांबट हा अग्रगण्य होय. पेशव्यांच्या शिकारखान्यातील गेंड्याचे त्याने केलेले चित्र १७९० चे आहे. वेरूळची त्याची रेखाटने वेल्सच्या वेरूळभेटीआधीची आहेत. यांतील बरीचशी चित्रे मॅलेटच्या संग्रहाबरोबर इंग्लंडला गेली आणि आज ती अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कलाकेंद्रात आहेत.

जेम्स वेल्स हा स्कॉटलंडमधील पीटरहेडचा. १७९१ मध्ये तो मुंबईस आला आणि पुढल्या वर्षी पुण्यात. सवाई माधवराव, नाना फडणीस, महादजी शिंदे यांची व्यक्तिचित्रे त्याने रंगविली. शनिवारवाड्यात त्याच्या मार्गदर्शनाखाली चित्रशाळा चालली आणि गंगारामाचा तिच्याशी संबंध होता. रॉबर्ट मेबन हा वेल्सचा युरोपीय साहाय्यक. १७९३ मध्ये डॅनियल काका-पुतणे मुंबईत आले तेव्हा वेल्सशी त्यांची गाठ पडली आणि परिसरातील लेणी त्यांनी त्याच्यासमवेत पाहिली. हीच भेट दहा वर्षांनंतरच्या वेरूळसंचाची पूर्वपीठिका होय.

मॅलेटने वेरूळविषयी लिहिलेला वृत्तांत 'एशियाटिक रिसर्चेस'च्या सहाव्या खंडात १७९९ मध्ये आला. वेल्सनेही तेथे जाऊन मोजमापांसह विस्तृत रेखाटने केली. १७९५ च्या ऑक्टोबरअखेर सवाई माधवरावांचा मृत्यू झाला आणि त्यानंतर काही आठवड्यांतच, नोव्हेंबरात, वेल्सही वारला. आश्रयदाता दरबार आणि चित्रकार दोन्ही एकाच ऋतूत संपले. मॅलेट १७९८ मध्ये हिंदुस्थान सोडून गेला. १७९९ मध्ये त्याने वेल्सची कन्या सुसॅना हिच्याशी विवाह केला, आणि वेल्सची रेखाटने डॅनियलच्या हाती सोपविण्यात पुढाकार घेतला. १८०३ चा संच हे त्याचे फलित.

हा क्रम मांडला म्हणजे एका दृश्यामागे किती हात उभे आहेत ते दिसू लागते : खडक फोडणारा स्थपती, आधी रेखाटणारा गंगाराम, मोजमापे घेणारा वेल्स, आश्रय देणारा मॅलेट, पत्रा कोरणारा डॅनियल, त्याच्या 'देखरेखीखाली' राबणारे लंडनमधील अनामिक कारागीर आणि प्रतींवर रंग चढविणारे तितकेच अनामिक हात. 'देखरेख' हा शब्द कर्तृत्वाच्या इतिहासात मोठा बोलका आहे. तो श्रमाचे अस्तित्व मान्य करतो आणि श्रमिकाचे नाव मात्र टाळतो.

गंगारामाची रेखाटने वेल्सने आपली म्हणून खपविली आणि डॅनियलने ती छापली, असा सरळ आरोप येथे करावयाचा नाही. वेल्सने स्वतः काम केले होते, आणि ते चोख होते. मुद्दा निराळा आहे. वेरूळ रेखाटावयाचे म्हणजे काय, कोणते लेणे कोठून पाहावयाचे, कशाचे मोजमाप घ्यावयाचे, याविषयीचे पूर्वज्ञान पुण्याच्या त्या वर्तुळात सामूहिकपणे साकारले होते. हॉली शाफर यांच्या २०२२ मधील ग्रंथाने पश्चिम भारतातील या काळच्या कलाव्यवहाराला दिलेले 'कलम केलेली कला' हे रूपक येथे समर्पक वाटते. कलमाच्या झाडाचे फळ मुळाचे की फांदीचे, हा प्रश्नच चुकीचा असतो. परंतु बागेच्या पाटीवर एकाच झाडाचे नाव लिहिले गेले असेल, तर दुसरे नाव विचारणे चुकीचे ठरत नाही.

४

विल्यम आयव्हिन्स यांनी १९५३ मध्ये मुद्राचित्रांच्या संदर्भात एक मूलगामी विचार मांडला. उत्कीर्णकाच्या रेषांच्या जाळीला स्वतःची वाक्यरचना असते, आणि कोणतीही वस्तू त्या वाक्यरचनेतून गेल्यावर तिचे विशेष गळून जाळीचे सामान्यत्व उरते, असे त्यांचे म्हणणे. ग्रीक मूर्ती असो की हिंदू मूर्ती, युरोपीय कोरणीतून बाहेर पडताना ती एकाच व्याकरणाने बोलू लागते. साहित्याच्या अभ्यासकाला हा विचार परका वाटू नये. भाषांतरकाराची लकब मूळ लेखकांमधील भेद पुसते, हा आपलाही अनुभव आहे.

ॲक्वाटिंटने ही अडचण सौम्य केली. तेथे रेषांची जाळी गौण ठरून छटांचे पट्टे प्रधान होतात. लेण्यांच्या चित्रणाला याचा विशेष उपयोग झाला, कारण लेण्यांची वास्तू मुळात उजेड आणि अंधार यांचीच घडलेली असते. ओवरीतून सभामंडपात, सभामंडपातून गाभाऱ्यात जाताना दाटत जाणारा काळोख आणि आम्लात टप्प्याटप्प्याने बुडविलेल्या पत्र्यावरील दाटत जाणारा काळोख यांत एक रचनात्मक साम्य आहे. पण नव्या पद्धतीने नवे व्याकरणही आणले. मऊ छटा, दूरचा डोंगर, पुढील भागी झाडोरा, प्रमाण कळावे म्हणून ठेवलेल्या चिमुकल्या मानवाकृती ही सारी तत्कालीन इंग्रजी रम्यदृश्याची शब्दकळा होय. वेरूळ तीतून आले ते भग्नतेच्या करुणमधुर सुरात. पूजेचे आणि यात्रेचे वेरूळ मागे सरले, अवशेषांचे वेरूळ पुढे आले.

याच्या शेजारी गंगारामाची रेखाटने ठेवली म्हणजे फरक जाणवतो. त्याच्या रेखाटनांत दोन दृष्टी एकत्र नांदतात. एकीकडे युरोपीय छायाप्रकाश त्याने आत्मसात केला आहे, तर दुसरीकडे वास्तूचा दर्शनी भाग सपाट मांडून एकेक अवयव मोजून दाखविण्याची कारागिराची सवय कायम आहे. प्रेक्षकाला एका जागी उभे करणे ही त्याची मुख्य चिंता नाही. वास्तू कशी घडली ते सांगणे ही आहे. डॅनियलचे दृश्य पाहणाऱ्याचे आहे, गंगारामाचे रेखाटन घडविणाऱ्याचे.

तथापि, इंग्रजी संचातही एक देशी स्वर टिकून आहे, तो दृश्यांच्या नावांत. विश्वकर्मा, दशावतार, तीन ताल, डूमर लेणे, कैलास ही नावे स्थानिकांनी सांगितलेली, आणि ती ओबडधोबड रोमन वर्णयोजनेत का होईना, पत्र्यावर उतरली. विश्वकर्मा हे लेणे वस्तुतः बौद्ध चैत्यगृह आहे. त्यातील बुद्धमूर्तीला कारागिरांचे दैवत मानून सुतार मंडळी तिला भजत, म्हणून ते नाव. पुराणविद्येच्या दृष्टीने ही चूक, पण लोकस्मृतीच्या दृष्टीने हे एक वाचन आहे. चित्रातून कारागीर गेला, तरी चित्राच्या नावात तो उरला.

५

'कोरणे' हे क्रियापद मराठीत लेणे आणि ताम्रपट दोहोंना एकाच अर्थाने लागते. या शब्दसाम्याच्या आधारे कैलास लेण्याविषयीच्या तीन साक्षी एकत्र वाचता येतील.

पहिली साक्ष खऱ्याखुऱ्या ताम्रपटाची. गुजरात शाखेचा राष्ट्रकूट राजा कर्क याचा बडोदे येथील ताम्रपट शके ७३४ म्हणजे इ. स. ८१२-१३ चा आहे. एलापूरच्या डोंगरावरील कृष्णराजाच्या अद्भुत मंदिराचा त्यात उल्लेख आहे. १८८३ मध्ये रा. गो. भांडारकरांनी त्याचा जो अर्थ लावला, त्यातून कैलासाचे कर्तेपण पहिल्या कृष्णाकडे निश्चित झाले. या लेखात मंदिर घडविणारा स्थपतीही येतो. हे आपल्या हातून कसे घडले, याचे त्यालाच आश्चर्य वाटते, असे कवी वर्णितो. राजाचे नाव आहे, स्थपतीचे आश्चर्य आहे, पण स्थपतीचे नाव नाही.

दुसरी साक्ष मराठी कथेची. कृष्ण याज्ञवल्कीच्या 'कथाकल्पतरू'त अलजपूरच्या, म्हणजे वऱ्हाडातील अचलपूरच्या, एलू राजाची कथा आहे. राजाच्या आरोग्यासाठी राणीने शिवमंदिराचा नवस केला आणि शिखर पाहिल्याखेरीज अन्न घेणार नाही असे व्रत धरले. पायापासून बांधू लागल्यास शिखर कधी दिसावयाचे? तेव्हा पैठणचा कोकस नावाचा स्थपती पुढे आला. त्याने डोंगर माथ्यापासून कोरावयास घेतला आणि आठवड्यात राणीला शिखर दाखविले. म. के. ढवळीकर यांनी या कथेचे महत्त्व दाखवून दिले आहे. कथेचा काळ लेण्याच्या निर्मितीहून अनेक शतके अलीकडचा, म्हणून राजवंशाच्या इतिहासासाठी तिचा उपयोग मर्यादित. परंतु वरून खाली कोरण्याची शक्कल ही या वास्तूची खरी किल्ली असून तिचे श्रेय एका नामवंत कारागिराला देण्याचे काम फक्त कथेने केले आहे. एलू राजाची ही परंपरा मॅलेटच्याही कानी आली होती. त्याच्या वृत्तांतात ती राजाच्या नावानिशी येते, कोकसाच्या नव्हे.

तिसरी साक्ष १८०३ च्या इंग्रजी ताम्रपट्टाची. तिच्यात रेखाटणाऱ्याचे आणि कोरणाऱ्याचे नाव आहे, कारण युरोपीय मुद्राचित्रांत तशी प्रथाच होती. राजाश्रयी लेखाहून या प्रथेने एक पाऊल पुढे टाकले हे मान्य केले पाहिजे. पण तिची मर्यादाही तेथेच आहे. जो बाजारात नावानिशी उभा राहू शकतो त्याचेच नाव समासात उमटते. पुण्याच्या तांबटाला तो बाजार उपलब्ध नव्हता.

त्याच सुमारास महाराष्ट्रात तांब्यावर कोरून छापण्याचा स्वतंत्र प्रयत्न झाला होता, ही गोष्ट येथे विसरता येत नाही. १८०५ मध्ये मिरज येथे गंगाधरराव पटवर्धनांच्या आश्रयाने भगवद्‌गीता ताम्रपट्टांवर कोरून छापण्यात आली. ते काम करणारा तांबट कारागीर पुण्यात नाना फडणिसांच्या काळात तयार झाला होता, हे अ. का. प्रियोळकरांनी मुद्रणकलेच्या आपल्या इतिहासात सांगितले आहे. डॅनियलला कलकत्त्यात नाइलाजाने तांबट व्हावे लागले. पुण्याचा एक तांबट चित्रकार झाला आणि दुसरा मुद्रक. तंत्र, साहित्य आणि हात येथे होते. उणीव होती ती या तिहींना टिकवून धरणाऱ्या सत्तेची आणि वाचकवर्गाची.

६

मॅलेटने डॅनियलकडून आणखी एक काम करून घेतले. १७९० च्या तहाच्या वेळचा पेशव्यांचा दरबार डॅनियलने वेल्सच्या रेखाटनांच्या आधारे भव्य तैलचित्रात रंगविला. ते १८०५ मध्ये प्रदर्शित झाले आणि १८०७ मध्ये चार्ल्स टर्नर याने ते पत्र्यावर कोरले. ज्या दरबारात कंपनीचा वकील बरोबरीच्या नात्याने बसला होता, तो दरबार चित्र छापले गेले तेव्हा उरला नव्हता. सवाई माधवराव १७९५ मध्ये आणि नाना १८०० मध्ये गेले, आणि १८०२ च्या अखेरीस वसईचा तह होऊन दुसरा बाजीराव कंपनीचा अंकित झाला होता. मुद्राचित्र येथे घटनेचे स्मारक नसून समतोलाचे स्मारक आहे, तेही तो मोडल्यावर उभारलेले.

त्या दरबाराची अखेरची पळापळ पांढरकवड्याच्या परिसराने पाहिली. नागपूरकर भोसल्यांच्या आशेने पूर्वेकडे वळलेल्या बाजीरावाच्या फौजेची कर्नल ॲडम्सने १७ एप्रिल १८१८ रोजी पांढरकवडा-शिवणी भागात दाणादाण उडविली, आणि ३ जून रोजी बाजीराव माल्कमच्या स्वाधीन झाला. पुण्याचा दरबार कॅनव्हासवर आणि तांब्यावर अमर झाला, त्याची अखेर मात्र आमच्या काळ्या मातीत चित्राविना झाली. डॅनियलच्या १४४ दृश्यांत वऱ्हाड नाही. या भागातील पुरातन देवळांची नोंद हेन्री कझिन्स यांनी केलेल्या मध्यप्रांत-वऱ्हाडच्या यादीत १८९७ मध्ये झाली, तेव्हा पांढरकवडा 'वूण' जिल्ह्यात मोडत असे. वऱ्हाड वेरूळच्या चित्रात नाही, पण वेरूळच्या कथेत आहे. एलू राजा अचलपूरचाच.

एडवर्ड सैद यांच्या १९७८ च्या ग्रंथानंतर अशा चित्रसंचांचे एक ठरावीक वाचन रूढ झाले : साम्राज्याची नजर, तिने घडविलेला पौर्वात्य, ज्ञान आणि सत्ता यांचे संगनमत. या वाचनाने पुष्कळ काही दाखविले. मॅलेटची राजकीय भूमिका आणि त्याचा पुराणवस्तुसंग्रह यांना वेगळे काढणे आता शक्य नाही. पण संपूर्ण चित्रच 'त्यांची नजर' म्हणून त्यांना बहाल केले, तर गंगाराम दुसऱ्यांदा पुसला जातो. पहिल्यांदा मुखपृष्ठाने पुसला, दुसऱ्यांदा मुखपृष्ठावर विश्वास ठेवणाऱ्या समीक्षेने. याउलट, त्याला मूळ आणि इतरांना चोर ठरविणारे अभिमानी वाचनही तितकेच तोकडे. ते कलमाला रोप समजते.

चित्राच्या चौकटीखालचा समास हीदेखील एक संहिता आहे, असे मानून तिचे संपादन करणे हा तिसरा मार्ग. हस्तलिखितांच्या पाठचिकित्सेत आपण लेखनिकाचे नाव, प्रतीचा काळ, प्रक्षेप आणि गळालेल्या ओव्या यांची दखल घेतो. मुद्राचित्राची पाठचिकित्सा त्याच शिस्तीने करता येते. येलमधील गंगारामाची रेखाटने, मॅलेटचा वृत्तांत आणि १८०३ ची दृश्ये समोरासमोर ठेवून एकेका लेण्याच्या चित्रणाचे पाठभेद तपासणे हे काम पदव्युत्तर अभ्यासकांच्या आवाक्यातील आहे, आणि ते मराठीत व्हावयास हवे. कारण त्यातील स्थलनामे, कारागिरांच्या संज्ञा आणि कोकसाची कथा यांचे संदर्भ मराठीतच आहेत. डॅनियल फार मोठा उत्कीर्णक होता. त्याचे मोठेपण त्याच्या पत्र्याखालची नावे वाढल्याने उणावत नाही.